पेशी थांबल्या, पण आजार?

फुप्फुसाच्या कर्करोगावर रामबाण औषध सापडल्याच्या बातम्या अधूनमधून झळकत असतात. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ एवढाच असतो, की नव्या संयुगाने प्रयोगशाळेतील पेशींची वाढ रोखली. तेथून रुग्णापर्यंतचा मार्ग किती खडतर आहे, हे ‘के-रास’ या जनुकाच्या उदाहरणावरून कळते.

या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीतील विजेच्या बटणासारखे काम करते. वाढीचा संदेश आला की ते चालू होते, काम संपले की बंद. जनुकात बिघाड झाला, तर बटण चालूच राहते आणि पेशी अनिर्बंध वाढतात. मानवी कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध १९८२ मध्ये उघड झाला. परंतु या प्रथिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधाला शिरकाव करण्यास जागाच सापडत नव्हती.

तीन दशकांची ही कोंडी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील केव्हन शोकात यांच्या गटाने फोडली. ‘जी-१२-सी’ या बिघाडात प्रथिनाच्या बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येते. त्याला कायमचे चिकटून शेजारच्या खोबणीत बसणारी संयुगे या गटाने शोधली. त्यामुळे बटण बंद अवस्थेतच अडकते. निरोगी प्रथिनात त्या जागी सिस्टीन नसल्याने ते सुरक्षित राहते.

याच वाटेने आलेल्या सोटोरासिबला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये सशर्त मंजुरी दिली. चाचणीत सुमारे ३७ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. मात्र डोसिटॅक्सेल या जुन्या औषधाशी तुलना झाली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम कालावधी ४.५ महिन्यांवरून ५.६ महिन्यांवरच गेला. एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये प्रशासनाने पूर्ण मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली.

कारण उघड आहे. एक वाट अडवली की कर्कपेशी दुसरी शोधतात. शिवाय हा बिघाड पाश्चात्त्य देशांत या कर्करोगाच्या प्रमुख प्रकारातील साधारण आठांपैकी एका रुग्णात आढळतो, आशियात त्याहून कमी.

यामुळे संशोधनाचे मोल घटत नाही. अजिंक्य मानलेल्या प्रथिनाला वेसण घालता येते, हे सिद्ध झाले आहे. परंतु पेशी किती रोखल्या, यापेक्षा रुग्णाचे आयुष्य किती वाढले, हीच औषधाची खरी कसोटी होय.