विश्लेषण : विद्येच्या माहेरघरात घर घेताय? फ्लॅटआधी गल्ली पाहा

शिकायला पुण्यात आलेला मुलगा नोकरीही पुण्यातच धरतो आणि तिशीच्या आसपास घर शोधू लागतो. मीही त्यांतलाच. अभियांत्रिकीची चार वर्षे धनकवडीत कॉट बेसिसवर काढली. आता बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा डाऊन पेमेंटला जाणार आहे. गेल्या सहा महिन्यांत आम्ही चौदा फ्लॅट पाहिले. प्रत्येक ठिकाणी क्लब हाऊस दाखवले गेले, पण ‘महापालिकेचे पाणी किती वेळ येते?’ या बाबांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दोनच ठिकाणी मिळाले. परिसर निवडताना नेमके काय तपासावे, याचा हा लेखाजोखा.

विद्यापीठाच्या शहरात परिसर निवडणे वेगळे का?

पुण्यात शिक्षणसंस्था एका भागात नाहीत. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, डेक्कन-शिवाजीनगरला जुनी महाविद्यालये, कोथरूड आणि कर्वेनगरला वेगळी, धनकवडी-आंबेगावला आणखी वेगळी, तर पूर्वेला विमाननगर, लोहगाव, वाघोलीपर्यंत नवी संकुले. प्रत्येक संकुलाभोवती मेस, झेरॉक्स, अभ्यासिका आणि पीजी यांची एक वस्ती उभी राहते. त्यामुळे एकाच परिसरात दोन बाजार चालतात. एक दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या भाडेकरूंचा आणि दुसरा वीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबांचा. जाहिरातीतला ‘प्राइम लोकेशन’ हा शब्द बहुतेक वेळा पहिल्या बाजाराचा असतो. पैसे मात्र दुसरा भरतो.

महाविद्यालयाजवळचे घर म्हणजे हमखास भाडे?

‘स्वतः नाही राहिलात तरी विद्यार्थी मिळतीलच,’ हे वाक्य आम्ही जवळपास प्रत्येक एजंटकडून ऐकले. गणित मांडून पाहू. ८० लाखांच्या फ्लॅटला महिना २२ हजार भाडे धरले, तर वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात, म्हणजे ३.३ टक्के. त्याच घरासाठी ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ५२ हजारांच्या घरात जातो. भाड्यातून हप्त्याचा निम्मा भागही निघत नाही.

शिवाय मागणी बारमाही नसते. प्रवेशाच्या हंगामात खोली मिळत नाही आणि परीक्षा संपल्या की ‘टू-लेट’च्या पाट्या लागतात. २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा हे परिसर ओस पडलेले साऱ्या शहराने पाहिले. घर भाड्याने दिले तर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-भोगवटा शुल्क घेऊ शकते. स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात मिळणारी ४० टक्क्यांची सवलतही जाते. करार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. म्हणून आधी ठरवा : राहायला घेताय की भाड्यासाठी? दोन्ही हेतू एकाच फ्लॅटमध्ये कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

विद्यार्थ्यांची वस्ती म्हणजे कटकट का?

अनेक कुटुंबे याच भीतीने असे परिसर टाळतात. गोंगाट, बेशिस्त दुचाक्या या तक्रारी खोट्या नाहीत. पण रात्री अकरा वाजता रस्त्यावर वर्दळ असते, औषधाचे दुकान उघडे असते, पीएमपीच्या फेऱ्या जास्त असतात, यालाही विद्यार्थीच कारण असतात. रात्रपाळी करून परतणाऱ्या मुलीसाठी असा रस्ता सामसूम ‘एलिट’ रस्त्यापेक्षा बरा. ‘बॅचलरला घर नाही’ ही पाटी मीही वाचली आहे. त्यामुळे पाटी लावणाऱ्या सोसायटीत घर घेताना मला दोनदा विचार करावासा वाटतो. फरक एका गल्लीचा असतो : मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलात की सोय मिळते आणि झोपही.

पाण्याचा प्रश्न किती गंभीर?

सगळ्यात गंभीर. पुण्याची भिस्त खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येत आहेत. अशा भागांत महापालिकेचे पाणी येईपर्यंत ते पुरवण्याची जबाबदारी विकासक हमीपत्रावर घेतो. ताबा दिल्यानंतर ती सोसायटीच्या गळ्यात पडते.

दोनशे फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर रोज १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर. टँकरला हजार रुपये धरले तर प्रत्येक घरावर महिन्याला सुमारे १,६५० रुपये येतात. हा न दिसणारा हप्ता कर्ज फिटल्यावरही थांबत नाही. पाणी कुठून येते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यावरील किरकटवाडी-नांदेड परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याची शुद्धता ऐरणीवर आली.

सोसायटीच्या अध्यक्षांना विचारू नका, वॉचमनला विचारा : मे महिन्यात रोज किती टँकर येतात?

पूररेषा पाहणे गरजेचे आहे?

‘रिव्हर व्ह्यू’साठी जादा दर मोजण्याआधी नक्कीच. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने, तर २५ जुलै २०२४ ला मुठेच्या पाण्याने एकतानगरीतल्या घरांत काय केले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. त्यामुळे नदीसोबत ओढेही पाहा. विकास आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा आणि जोरदार पाऊस झाला की त्याच दिवशी त्या रस्त्यावर चक्कर मारा.

मेट्रोसाठी जास्त पैसे मोजावेत का?

धावणाऱ्या मेट्रोसाठी मोजावेत, फलकावरच्या मेट्रोसाठी नाही. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मार्गांवर स्थानकापासून चालत दहा मिनिटांत घर असेल, तर ते खरे मूल्य आहे. पण ‘मेट्रो येणार’ म्हणून आज जादा दर देणे म्हणजे सरकारी मुदतीवर पैसे लावणे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला. त्यानंतर औंध-बाणेरकरांनी तिथल्या कोंडीत किती वर्षे काढली, ते त्यांनाच विचारा. रोज जाता-येता अर्धा-अर्धा तास वाचला, तर महिन्याच्या २५ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला ३०० तास वाचतात. त्यांची किंमत चौरस फुटाच्या दरात दिसत नाही.

मग निवड करावी तरी कशी?

एकच परिसर चार वेळा पाहा : सकाळी नऊला, रात्री अकराला, भर उन्हाळ्यात आणि धो धो पावसात. त्यानंतर कागद. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद आणि ताब्याची तारीख, भोगवटा प्रमाणपत्र, जुनी सोसायटी असेल तर अभिहस्तांतरण झाले आहे का, हे तपासा. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के असून महिलेच्या नावे खरेदी केल्यास एक टक्का सवलत मिळते. आमचे घर म्हणूनच आईच्या नावावर होणार आहे.

आम्ही शेवटी शहराच्या टोकाचा ऐसपैस टू-बीएचके सोडला आणि कर्वेनगरमधल्या जुन्या इमारतीत वन-बीएचके निवडला. क्लब हाऊस नाही, पार्किंग एका दुचाकीपुरते. पण पाणी महापालिकेचे, दवाखाना चालत पाच मिनिटांवर, शेजारच्या इमारतीत विद्यार्थिनींचा पीजी. गावी सगळी हयात रांगेत हंडा लावून पाणी भरलेल्या बाबांनी आत येताच आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि मग खिडकीतून बाहेर पाहिले. तपासणीचा क्रम तोच असावा, असे आता मलाही वाटते.