संशयाचे वाचन

साहित्यव्यवहाराला वाङ्मयचौर्याचा आरोप परिचित आहे. स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या जगात त्याचे भावंड म्हणावे असा एक आरोप आहे: हा खेळाडू स्वतः खेळत नाही, त्याच्या वतीने यंत्र खेळते आहे. दोन्हीकडे वादाचे स्वरूप सारखेच असते. समोरची कृती ज्याच्या नावावर आहे त्याचीच आहे काय, हा प्रश्न असतो. आणि कर्त्याच्या मनात शिरून पाहता येत नसल्यामुळे उत्तर कृतीतूनच शोधावे लागते. म्हणजे आरोप करणारा हा प्रथम एक वाचक असतो. तो नीट वाचतो की नाही यावर कुणाचे तरी नाव आणि कधीकधी उपजीविकाही अवलंबून राहते. गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या समुदायांनी अशा वाचनाचे जे उत्तम आणि अधम नमुने घालून दिले आहेत, ते साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी अवश्य पाहावेत असे आहेत.

पहिला नमुना दक्षिण कोरियातला. मे २०१६ मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीचा 'ओव्हरवॉच' हा खेळ बाजारात आला. पुढच्याच महिन्यात, एका हौशी स्पर्धेच्या पात्रता फेरीनंतर, 'गेगुरी' या टोपणनावाने खेळणाऱ्या जेमतेम सतरा वर्षांच्या किम से-योन हिच्यावर लबाडीचा आरोप झाला. ती 'झार्या' नावाचे पात्र खेळत असे. या पात्राच्या शस्त्रातून किरणाचा अखंड झोत निघतो आणि पळत्या, उड्या मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तो सतत धरून ठेवावा लागतो. गेगुरीचा नेम इतक्या वेगाने वळे आणि इतका अचूक बसे, की प्रतिस्पर्धी संघातील खेळाडूंना ते मानवी हाताचे काम वाटेना. नेम आपोआप धरणारा प्रोग्रॅम, ज्याला या जगात 'एमबॉट' म्हणतात, ती वापरते असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. ती निर्दोष ठरली तर आपण व्यावसायिक खेळ सोडू, अशी पैजही दोघांनी लावली. ब्लिझर्डने तपासणी करून लबाडी नसल्याचे कळवले. पण तेवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. अखेर 'इन्व्हेन' या कोरियन गेमिंग माध्यमसंस्थेच्या स्टुडिओत बसून, माऊसवरच्या हातावर कॅमेरा रोखलेला असताना, तिने सर्वांसमक्ष थेट प्रक्षेपणात खेळून दाखवले. नेम तसाच बसत होता. पैज लावणाऱ्यांनी खेळ सोडला. पुढे २०१८ मध्ये शांघाय ड्रॅगन्स या संघाने तिला घेतले आणि ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी ती पहिली स्त्री ठरली.

या प्रसंगाची चर्चा पुढे बहुतांशी स्त्री-पुरुष भेदाच्या अंगाने झाली आणि ते स्वाभाविकही होते. येथे मात्र आरोपामागील तर्काकडे लक्ष वेधायचे आहे. आरोपकर्त्यांच्या हाती पुरावा कोणता होता? तिचा खेळ. एवढाच. हे माणसाला शक्य नाही. तिने हे केले. म्हणून हे माणसाने केलेले नाही, अशी ती मांडणी होती. यातील पहिले विधान कुणी कधी तपासले नव्हते. 'माणसाला शक्य नाही' याचा खरा अर्थ 'मला शक्य नाही, आणि मी ज्यांना ओळखतो त्यांना शक्य नाही' एवढाच होता. ज्या गुणामुळे खेळाडू मोठा ठरावा, तोच गुण येथे गुन्ह्याची खूण बनला. या तर्कातून सुटायचे तर वाईट खेळणे हा एकच मार्ग उरतो.

कॅमेऱ्यासमोरील त्या प्रात्यक्षिकाला मराठी वाचक सहजच अग्निपरीक्षा म्हणेल. ही उपमा वापरून गुळगुळीत झाली असली, तरी भवभूतीच्या हातात ती अजून धारदार आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो, तेव्हा रामाला कळून चुकते की सीतेची शुद्धी झाली खरी, पण ती दूर लंकेत. अयोध्येतल्या कुणी ती पाहिलेली नाही, मग त्यांनी विश्वास का ठेवावा? भवभूतीने अडचण अचूक हेरली होती: दिव्याला साक्षीदार हवेत. थेट प्रक्षेपणाने ही अडचण दूर केली, अयोध्येलाच लंकेत आणून बसवले. परंतु त्यामुळे मूळ मागणी न्याय्य ठरत नाही. आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. येथे तो एका अल्पवयीन मुलीच्या मनगटावर टाकला गेला. त्या दिवशी दडपणाखाली तिचा हात थरथरला असता, तर तो नेम चुकणे हाच तिच्या अपराधाचा निर्णायक पुरावा म्हणून मिरवला गेला असता.

याच्या अगदी उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'ड्रॅगस्टर' हा ॲक्टिव्हिजन कंपनीचा १९८० सालचा, अटारी २६०० या यंत्रावरचा मोटारशर्यतीचा साधा खेळ. शर्यत काही सेकंदांत संपते. टॉड रॉजर्स या अमेरिकी खेळाडूच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम नोंदलेला होता. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलॅक्सीज या संस्थेने तो मान्य केला होता, गिनेसच्या पुस्तकानेही त्याला स्थान दिले होते. इतर कुणालाही तो गाठता येत नव्हता, आणि त्यामुळे त्याचे तेज वाढतच होते. २०१७ मध्ये खेळाच्या मूळ आज्ञावलीचे बारकाईने विश्लेषण झाले. या खेळाचे घड्याळ सुमारे ०.०३ सेकंदाच्या टप्प्यांनी पुढे सरकते. आणि सर्व कळा निर्दोष क्षणी दाबल्या तरी ५.५७ च्या खाली जाता येत नाही, असे त्यातून निघाले. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीजने रॉजर्सचे सारे विक्रम रद्द केले.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. अनोळखी मुलीने प्रत्यक्षात केलेली गोष्ट काही आठवड्यांतच अशक्य ठरवली गेली. नामवंत खेळाडूच्या नावावरची, यंत्राच्या हिशेबात न बसणारी गोष्ट सुमारे पस्तीस वर्षे शक्य मानली गेली. दोन्हीकडे लोकांनी कृती वाचली असे वाटते. वस्तुतः त्यांनी नाव वाचले. साहित्याच्या क्षेत्रात आपण हे पुरते ओळखून आहोत. प्रतिष्ठित लेखकाच्या दुर्बोधतेला आपण गहनता म्हणतो आणि नवख्याच्या गहनतेला दुर्बोधता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लबाडी खरोखरच होते. मग संशय घ्यायचाच नाही काय? नोव्हेंबर २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइक या खेळातील एका नामांकित फ्रेंच खेळाडूवर लबाडीबद्दल बंदी आली आणि त्याच्या संघाला ऐन मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. आपल्याकडचे उदाहरण तर अधिकच लाजिरवाणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील आशियाई स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या संघाच्या एका खेळाडूचा संगणक पंचांनी सामना चालू असताना तपासला, तेव्हा नेम धरायला मदत करणारा प्रोग्रॅम सापडला. त्या फाईलला 'वर्ड' या लेखनाच्या प्रोग्रॅमचे नाव दिलेले होते. लेखनाच्या बुरख्याआड लपलेली लबाडी म्हणून साहित्याच्या माणसाला ते विशेष झोंबावे. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली, संघ बरखास्त झाला, आणि ज्यांचा काही दोष नव्हता अशा सहकाऱ्यांचेही काम गेले. त्या फाईलचे नाव पुढे भारतीय खेळाडूंना हिणवण्यासाठी सर्रास वापरले जाऊ लागले. एका लबाडाची किंमत अशी सर्वांना मोजावी लागते. म्हणून संशय ही समुदायाची गरजच आहे. प्रश्न संशयाच्या शिस्तीचा आहे.

ही शिस्त कशी असते याचा वस्तुपाठ माइनक्राफ्ट या खेळाच्या चाहत्यांनी घालून दिला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. हा खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याची चुरस असते, तिला 'स्पीडरन' म्हणतात. त्यात एका टप्प्यावर सोने देऊन त्याच्या बदल्यात वस्तू घ्याव्या लागतात. हवा असलेला मोती मिळण्याची शक्यता शेकडा पाचाहूनही थोडी कमी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये 'ड्रीम' या अत्यंत लोकप्रिय खेळाडूच्या सहा प्रक्षेपणांत मिळून २६२ वेळा ही देवघेव झाली. सरासरीने बारा मोती मिळायला हवे होते, मिळाले ४२. दुसरी एक वस्तू मिळण्याची शक्यता निम्मी असते. तीही त्याला ३०५ पैकी २११ वेळा मिळाली.

विक्रमांची छाननी करणाऱ्या स्वयंसेवकांनी डिसेंबर २०२० मध्ये २९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची रीत पाहण्यासारखी होती. ड्रीम किती चांगला किंवा वाईट खेळतो याविषयी त्यात निवाडा नव्हता. खेळाडूच्या कौशल्याशी ज्याचा संबंधच नाही अशा नशिबाच्या भागाचीच मोजदाद होती. हे आकडे ज्यातून घेतले ती प्रक्षेपणे सर्वांना उपलब्ध होती, त्यामुळे कुणीही ते पुन्हा मोजू शकत होते. आपण नेमकी नशीबवान प्रक्षेपणेच तर निवडली नाहीत ना, असा आक्षेप लेखकांनी स्वतःच स्वतःवर घेतला आणि त्याची सूट आरोपीच्या बाजूने हिशेबात धरली. एवढे करूनही असा योग साडेसात लाख कोटींत एकदा येईल, असे उत्तर निघाले. चाहत्यांनी हे मानले नाही. प्रसिद्धीसाठी केलेला हा खटाटोप आहे असे म्हटले गेले. ड्रीमने एका निनावी तज्ज्ञाकडून प्रतिवाद लिहून घेतला, पण त्यातले आकडेही त्याला वाचवण्याइतके अनुकूल नव्हते. मे २०२१ मध्ये त्याने मान्य केले की त्या वेळी त्याच्या खेळात शक्यता बदलणारा भाग बसवलेला होता. तो आपण जाणूनबुजून वापरला नाही, असे त्याचे म्हणणे होते.

कोरियातला आरोप खोटा ठरला आणि हा खरा, एवढाच दोहोंतला फरक समजणे चुकीचे होईल. उद्या ड्रीम निर्दोष ठरला असता तरी तो अहवाल प्रामाणिक राहिला असता, कारण आपण कुठे चुकू शकतो हे त्यात लिहिलेले होते; आणि गेगुरी दोषी ठरली असती तरी तिच्यावरचा आरोप उथळच राहिला असता. आश्चर्य वाटणे ही चौकशीची सुरुवात असू शकते, पण कोरियात तिलाच निष्कर्ष मानले गेले. संथ गतीने फिरवलेल्या चित्रफिती, त्यांवर काढलेली लाल वर्तुळे, 'येथे पाहा' असे बाण, या सामग्रीला आज पुराव्याचा मान मिळतो. परंतु दोन तासांच्या खेळातील तीन सेकंद उचलून दाखवणे म्हणजे कादंबरीतले एक वाक्य संदर्भ तोडून लेखकाच्या तोंडी घालणे होय.

काउंटर-स्ट्राइकच्या निर्मात्यांनी, व्हॉल्व्ह कंपनीने, २०१३ मध्ये एक वेगळी व्यवस्था सुरू केली होती. योगायोगाने तिचेही नाव 'ओव्हरवॉच'च होते. वर उल्लेखलेल्या खेळाशी तिचा संबंध नाही. तीत अनुभवी खेळाडूंना संशयिताच्या खेळाचे मुद्रण दाखवले जाई, मात्र खेळाडूंची नावे झाकलेली असत. मग 'पुरावा अपुरा' किंवा 'वाजवी शंकेपलीकडे सिद्ध' यांतून निवड करायची. 'निर्दोष' असा पर्यायच नव्हता, आणि ते योग्यच होते; पाहणाऱ्याला आपल्या नजरेची मर्यादा त्यातून कळते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्या अनुभवावर १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' लिहिले, त्याची येथे आठवण होते. नाव झाकल्याने सगळे पूर्वग्रह जात नाहीत, साचेबंद प्रतिसाद तरीही उरतात, हेही रिचर्ड्स यांनीच दाखवले. पण निदान नावाची भीड आणि नावाचा आकस तरी दूर होतो.

हे सारे आता आपल्या दारात आले आहे. विद्यार्थ्याने नेटका, सफाईदार निबंध आणून दिला की 'हा याचा असूच शकत नाही' असे उद्गार हल्ली अध्यापकांच्या खोलीत ऐकू येतात. लेखन यंत्राने केले आहे काय, हे ओळखण्यासाठी ओपनएआय या कंपनीने काढलेले साधन तिने स्वतःच जुलै २०२३ मध्ये पुरेसे अचूक नाही म्हणून मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. यंत्राकडून निबंध लिहून घेणारे विद्यार्थी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संशय कुणाच्या वाट्याला येतो? ज्याच्याकडून चांगल्या लेखनाची अपेक्षाच नसते त्याच्या. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलाचा सफाईदार निबंध संस्कारांच्या खात्यावर जमा होतो. आडगावातून आलेल्या मुलीच्या सफाईदार निबंधाला मात्र हातावर कॅमेरा रोखून घ्यावा लागतो.

म्हणून आरोप करण्यापूर्वी वाचकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. नाव झाकले असते तर मी हेच म्हटले असते काय? काय दाखवले म्हणजे मी माझा आरोप मागे घेईन, हे मी आधी सांगितले आहे काय? आणि मी चुकलो तर त्याची किंमत कोण मोजणार? कोरियातल्या त्या दोघांचा तर्क कच्चा होता, पण तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले होते. शब्द दिला आणि तो पाळला. त्यांच्यामागे उभे राहून ओरडणाऱ्या गर्दीने मात्र काहीच पणाला लावले नव्हते, आणि तिला काहीच सोडावे लागले नाही. ती पुढच्या आरोपाकडे वळली. लोकापवादाला चेहरा नसतो, हे दुर्मुखाला नगरातून फिरताना कळले असणारच. आपण त्या नगरातले नागरिक आहोत, याचे भान ठेवले तरी पुरे.