पदवी हाती, पण अर्ज कोणत्या भाषेत?

पदवी परीक्षेचा निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांत पेढे वाटले जातात आणि महिन्याभरात त्याच घरांत एक अवघडलेली शांतता पसरते. मुलगा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची फाईल काखेत मारून बेळगावची बस पकडतो आणि संध्याकाळच्या बसने परत येतो. बापाला विचारवत नाही, मुलाला सांगवत नाही. पहिली नोकरी मिळेपर्यंतचे हे दिवस सगळीकडेच कठीण असतात हे मान्य. परंतु खानापूर, बेळगाव, निपाणी, भालकी या पट्ट्यातल्या मराठी पदवीधराच्या वाटेत एक जादा पायरी आहे. ती भाषेची आहे आणि तिच्याविषयी आम्ही वडीलधारे पुरेसे खरे बोललेलो नाही.

परवा आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. कॉम., पहिला वर्ग, संगणकावर हात बसलेला. एका कार्यालयाने तात्पुरत्या जागेसाठी कन्नडमध्ये स्वहस्ते लिहिलेला अर्ज मागितला होता, जेमतेम अर्धे पान. "सर, एवढा लिहून द्या," म्हणाला. दहावीला कन्नडमध्ये याला चांगले गुण होते. आम्ही पेन हातात घेतले आणि तिसऱ्या ओळीला अडलो. सही-शिक्क्यापुरते कन्नड आम्हाला येते, बाजारातले येते, बसमधले तर फर्डे येते. नियमाने अर्ज लिहिण्याचे येत नाही. शेवटी गुरू आणि शिष्य दोघेही गल्लीतल्या एका निवृत्त कन्नड शिक्षकांच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यांनी वीस मिनिटांत काम केले, वर चहा पाजला. परतताना पोरगा गप्प होता आणि आम्हीही.

आम्ही स्वतः पदवीनंतर, १९९३ साली, असेच हिंडलो होतो. तेव्हा आमचा इंग्रजीतला अर्ज एका कचेरीतून दोनदा परत आला. पहिल्यांदा कारण सांगितले नाही, दुसऱ्यांदा खिडकीतूनच "कन्नडमध्ये आणा" असे ऐकवले. त्या रागावर आम्ही समितीत आलो, हे लपवण्याचे कारण नाही. पण तीस वर्षांनी आमच्याच विद्यार्थ्याला त्याच जागी अडलेला पाहताना रागाचा काही भाग स्वतःवरही येतो.

आधी हक्काचे बोलू, कारण तो आहे. भाषावार प्रांतरचना झाली त्याच वर्षी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ते अधिक स्पष्ट झाले. राज्याच्या नोकरीत प्रवेश करताना राज्यभाषेचे ज्ञान ही पूर्वअट असू नये. भाषेची परीक्षा निवडीनंतर, परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वी घ्यावी, असे त्यात ठरले. म्हणजे आधी आत घ्या, मग भाषा शिकवा. शिवाय जिथे अल्पसंख्याक भाषिकांची वस्ती १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हेही त्याच योजनेत आहे. या योजनेवर देखरेख ठेवण्यासाठी घटनेच्या ३५०-ब कलमान्वये आयुक्त नेमलेला असतो. आमच्या मुलाला दारातच कन्नडची उत्तरपत्रिका दिली जाते, ती या ठरावाच्या नेमकी उलट आहे. अशी प्रत्येक जाहिरात कापून, तारीख घालून आयुक्तांकडे पाठवणे हे समितीचे काम आहे. मोर्चा एका दिवसाचा असतो. हे काम बारा महिन्यांचे आहे, आणि खरे सांगायचे तर घोडे तिथेच पेंड खाते.

परंतु हक्काचा निकाल लागेपर्यंत पोराचे वय थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या विधेयकाला संमती दिली. उद्योजकांनी ओरड करताच ते त्याच आठवड्यात बाजूला ठेवण्यात आले. तरी त्यातली 'स्थानिक' शब्दाची व्याख्या प्रत्येक पालकाने समजून घ्यावी. राज्यात जन्म आणि १५ वर्षांचे वास्तव्य पुरेसे नव्हते; कन्नड बोलता, वाचता आणि लिहिता यायला हवे होते. दहावीला कन्नड नसेल तर वेगळी परीक्षा. सात पिढ्या याच मातीत गेलेला माणूस या व्याख्येने स्वतःच्या गावात परका ठरू शकला असता! त्याचा निषेध जरूर करावा, पण आपल्या घरातल्या पदवीधराला ते 'लिहिता' येते का, हेही त्याच संध्याकाळी पाहावे.

इथे काही बांधवांना राग येईल. कन्नड शिका म्हणजे दावा सोडा, असा अर्थ गेली कित्येक वर्षे आपल्याकडे लावला गेला. आम्हीही सभांतून तशी भाषा वापरली आहे. सक्तीला विरोध करता करता आपण भाषेलाच विरोध करू लागलो, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा कोणा पोराने कन्नडमध्ये सुवाच्य अर्ज लिहिल्याने तसूभरही कमकुवत होत नाही. उलट ज्या घरात कमावता पदवीधर आहे, त्या घरातली पुढची मुले निर्धास्तपणे मराठी शाळेत जातात. पदवीधर रिकामा बसला की शेजारी म्हणतो, "बघा, मराठी शाळेत घातले म्हणून," आणि पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात दोन नावे कमी होतात. पटसंख्येचा हिशोब आम्ही दरवर्षी करतो, म्हणून हे सांगण्याचा अधिकार आहे असे मानतो.

मराठीच्या बळावर उघडणाऱ्या वाटाही आहेत, फक्त त्या माहीत हव्यात. महाराष्ट्र शासनाच्या १० जुलै २००८ च्या निर्णयामुळे दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील, १५ वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिक उमेदवारांना तिकडच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. जाहिरातीत हे कलम बारीक अक्षरात असते. त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला लागतो, आणि आमची मुले तो जाहिरात आल्यावर शोधायला निघतात. मुदत संपते, दाखला येतो. तो निकालाच्या दिवसापासूनच मागे लागून काढावा.

बँकांचे तसेच. सरकारी बँकांतील लिपिकांची परीक्षा प्रादेशिक भाषांतही घेण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. पण अर्ज एकाच राज्याच्या जागांसाठी करता येतो आणि त्या राज्याच्या भाषेत उमेदवार प्रवीण असावा लागतो. कर्नाटकातील जागा मागितली तर कन्नड, महाराष्ट्रातील मागितली तर मराठी. हा चौकोन भरण्यापूर्वी मुलाने पाच मिनिटे विचार करावा. घराजवळची शाखा मिळेल या आशेने भरलेला चौकोन पुढे महागात पडतो. स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा असेल तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. म्हणून गुणपत्रिकेवरच्या कन्नडला कोणी 'पास झालो, सुटलो' एवढीच किंमत देऊ नये.

आणखी एक गोष्ट लिहिताना जड जाते. आंदोलनात आम्ही तरुणांना हाक मारतो, पुढे उभे करतो. गुन्हा नोंदला जातो तो बहुधा त्यांच्यावर. पुढे नोकरीच्या वेळी पडताळणीचा अर्ज विचारतो, अटक झाली होती का, खटला चालू आहे का? घाबरून मुले "नाही" लिहितात. हे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात माहिती खरी द्यावी असे बजावले. त्याचबरोबर गुन्ह्याचे स्वरूप किरकोळ असेल तर मालकाने ते ध्यानात घ्यावे असेही सांगितले. लपवलेली गोष्ट मिळालेली नोकरीही घालवू शकते. ज्यांनी हाक मारली त्यांनी वकील द्यावा, तारखांना हजर राहावे आणि खटला निकाली निघेपर्यंत त्या पोराच्या दारात जात राहावे. समितीच्या खर्चात हा खर्च पहिल्या ओळीत असावा, असे आम्ही बैठकीत मांडले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

दरम्यान आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी अर्जलेखनाचा वर्ग सुरू झाला आहे. कन्नड अर्ज, इंग्रजी अर्ज, दाखल्यांची यादी, एवढेच. शिकवायला तेच निवृत्त कन्नड शिक्षक येतात. मानधन विचारले तर हसतात. पहिल्या रविवारी अकरा मुले-मुली आली. मागच्या बाकावर वही उघडून बारावे आम्ही बसलो होतो. पहिल्याच अर्जात आमच्या चार चुका निघाल्या, आमच्या त्या बी. कॉम. विद्यार्थ्याच्या दोन.