अंतर उंबरठ्यापासून मोजावे

भूगोलाच्या तासाला नकाशावर पट्टी ठेवून आपण अंतरे मोजतो. नागपूर व भोपाळ येथील विमानतळांमध्ये अशी पट्टी ठेवली, तर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर भरतात. लोहमार्गाने तीच शहरे सुमारे ३९० किलोमीटर दूर आहेत. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास हा पल्ला गाठावयास चाळीस मिनिटेही नकोत. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी तासाभरात काम होईल. हे ऐकून पुष्कळांना वाटते की, विमानामुळे राजधानी आता अगदी दाराशी आली!

परंतु वाचकहो, प्रवासी विमानतळावर राहत नाही. तो आपल्या घरी राहतो. पांढुर्ण्याच्या मनुष्याने भोपाळला विमानाने जावयाचे म्हटले, तर त्याने आधी नागपूर गाठावे, म्हणजे भोपाळच्या नेमके उलट दिशेस जावे! त्यात दोन तास गेले. तपासणीसाठी दीड तास आधी हजर राहावयाचे. मग तासाभराचे उड्डाण आणि पुढे सामान घेऊन शहरात पोहोचण्यास आणखी एक तास. बेरीज साडेपाच तास झाली. पांढुर्ण्याच्या स्थानकावर बसलेला प्रवासीही आगगाडीने पाच-सहा तासांत भोपाळला उतरतो, आणि तोही कितीतरी कमी खर्चात.

याचा अर्थ विमान निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. नागपूर ते मुंबई हा ८३७ किलोमीटरचा लोहमार्ग चढावयास गाडीला बहुधा बारा तास लागतात. विमान तेथे दीड तासात जाते. घरापासूनचा सारा वेळ धरला तरी तेथे निम्म्याहून अधिक वेळ वाचतो. पल्ला लांब असला म्हणजे विमानाचा वेग कामी येतो; पल्ला आखूड असला म्हणजे तो दाराशीच खर्ची पडतो.

आपल्या भागाला हा हिशेब विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपली राजधानी नागपूर होती, सुमारे १०० किलोमीटरवर. सकाळी जावे, काम उरकून रात्री घरी जेवावे. त्या दिवसापासून राजधानी भोपाळ झाली आणि अंतर सुमारे २८५ किलोमीटर झाले. एका कागदासाठी मुक्काम करण्याची पाळी गरिबावर आली. उलट २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याची कचेरी छिंदवाड्याहून गावात आली. एकही चाक न फिरता अंतर तुटले!

म्हणून आमचे मत असे की, आपण मागणी करावी ती आकाशाकडे पाहून नव्हे. आपल्या स्थानकावरून न थांबता धडधडत जाणाऱ्या जलद गाड्यांपैकी दोन-चार येथे थांबाव्यात, आणि जे काम गावातच होऊ शकते त्यासाठी कोणास दूर जावे लागू नये, एवढे मागावे. नकाशावरील पट्टी उंबरठ्यावर ठेवावयास शिकणे, हाच भूगोलाचा खरा धडा होय.