काचेले घाम आला

"उठ गा, काचेले घाम आला."

डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला आईने अशी हाक मारली. दिवा लावून पाहिलं तर सरकत्या खिडकीची दोन्ही तावदानं आतून चिंब. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत पाणी तुंबलेलं, पट्टी भरून ते भिंतीवर उतरलेलं, आणि भिंतीवरून थेट कापसाच्या ढिगापाशी. मग कसली झोप?

आमच्या वणी तालुक्यात हिवाळा न काढलेल्यांसाठी सांगतो. भाव चढेल या आशेवर वेचलेला कापूस घरात भरून ठेवायची आमची जुनी खोड आहे. निम्मी खोली कापसाची, उरलेल्या निम्म्यात माणसं. अंगाला खाज सुटते, पण छताखाली नजरेसमोर माल असला की जीव शांत असतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, बाराच्या वर गेलं की गाडी परत. म्हणून तर दहिवर सुकेपर्यंत बाया वेचणीला हात लावत नाहीत. शेतात एवढं सांभाळून आणलेला कापूस घरातल्या खिडकीने भिजवावा!

पहिला संशय स्लॅबवर गेला. पण पाऊस जाऊन दोन महिने झालेले. दुसरा संशय खिडकीवर. बसवून देणाऱ्याला बोलावलं. त्याने चौकटीला बाहेरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि म्हणाला, "फटी राहिल्या, सर. सिलिकॉन मारून देतो." मारून दिलं, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पाणी दुप्पट.

त्याची चूक अशी की तो बाहेरून येणारं पाणी अडवत होता. हे पाणी आमचंच होतं. आत तयार झालेलं, बाहेर पडायला वाट शोधणारं, आणि आम्ही पैसे मोजून उरलेली वाटही लिंपून टाकलेली.

हिशेब करायला बसलो, सवयच आहे. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. आम्ही घरात पाच जण. सव्वा लिटर तिथंच. मग गॅस. जळणाऱ्या गॅसमधून पाणी निघतं हे शाळेत शिकवूनही माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की त्याची वाफ होते; किलोभर गॅसमागे दीड किलोच्या वर पाणी. म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी आमच्या स्वयंपाकघरात वाफ होऊन गेलेलं असतं. वरणाची, भाताची, आंघोळीच्या पाण्याची वाफ वेगळी. शिवाय बाहेर दोरीवर काळे डाग पडतात म्हणून घरात वाळत घातलेले कपडे; पिळूनही त्यांत लिटर-दीड लिटर पाणी सहज राहतं.

त्या सकाळी मी तिन्ही खिडक्या दुपट्ट्याने पुसल्या आणि दुपट्टा पेल्यात पिळला. पेला जेमतेम भरला.

मग बाकीचं गेलं कुठं? थोडं दाराच्या फटीतून बाहेर. उरलेलं गाद्यांत, भिंतीत, कपाटामागे आणि कापसात. कपाट सरकवलं तर उत्तरेच्या भिंतीवर हाताएवढी काळी बुरशी. वर्षभर ज्याला 'जुन्या कपड्यांचा वास' म्हणत होतो तो वास हाच. काच बिचारी चुगलखोर, एवढाच तिचा गुन्हा.

काचेवरच आधी का, तर ती घरातली सगळ्यांत थंड जागा. नऊ इंची भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते. चार मिलिमीटरची काच रात्र पडली की बाहेरच्यांना सामील होते, आणि अ‍ॅल्युमिनियम तिच्याही पुढे. हवेची झोळी गारव्याने आकसते. वीस अंशांच्या हवेत घनमीटरमागे सतरा ग्रॅम वाफ मावते, दहा अंशांवर नऊच. वरचे आठ ग्रॅम कुठंतरी ठेवावे लागतात, ते काचेवर ठेवते.

कोठ्यावरच्या टिनाचं याहून वाईट. तिथं पहाटे आतून टपटप पाऊस पडतो आणि बैल अंग झटकत उभे राहतात. निरभ्र रात्री टीन आपली ऊब थेट आभाळाकडे फेकतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. हे आधी नीट कोणी दाखवलं तर विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने, १८१४ सालच्या दवावरच्या निबंधात. हा गृहस्थ लोकरीचे पुंजके तोलून रात्रभर उघड्यावर ठेवी आणि सकाळी पुन्हा तोली. वर आडोसा असलेल्या पुंजक्यावर दव कमी, उघड्या आभाळाखालच्यावर जास्त. वाचून मला हसू आलं. जिनिंगच्या दारात कापसाचा ओलावा मोजत उभ्या असलेल्या आमच्या ग्रेडरचाच हा पूर्वज. आमचे आजोबा काही न वाचता टिनाखाली तुऱ्हाट्यांचा तट्टा बांधायचे. टीन गार झालं तरी कोठ्यातली दमट हवा त्याला सहजी भिडत नसे, टपटप कमी. मी तो तट्टा 'गबाळा दिसतो' म्हणून काढून टाकला होता. आता परत बांधलाय.

जुनं घर कवेलूचं होतं. त्या घरात कधी काही घामलं नाही. घामणार कसं, कवेलूंच्या फटींतून चंद्र दिसायचा. वाफ वर जायची, धूर वर जायचा, आणि वरून थंडी, पावसाचं पाणी, कधी विंचू खाली यायचा. त्या घराचे गोडवे गाणाऱ्यांना जानेवारीत एक रात्र तिथं झोपवावं असं माझं मत आहे. मला स्लॅबचं घरच हवं. फक्त त्याला नाक ठेवायचं राहून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, खिडकी उघडा की! इथंच तर आमच्या राजूर गावाची गोची आहे. आमच्या गावाच्या पोटात कोळसाही आहे आणि चुनखडीही. कोळशाच्या खाणी १९७३ मध्ये सरकारजमा झाल्या, पण कोळसा त्याच्या कितीतरी आधीपासून निघतोय, आणि भट्ट्यांतला चुना गावाचं नाव घेऊन दूरवर जातो. रस्त्यावरून दिवसभर ट्रक. खिडकी उघडली तर देवघरातल्या गणपतीला तासाभरात काळं उपरणं. गाव पोट भरतं त्याच गोष्टींनी खिडक्या लावून घ्यायला शिकवलं. उघडली तर कोळसा, लावली तर पाणी. दोन्ही एकत्र आले की खिडकीच्या पट्टीत जी काळी राबडी होते, तिच्यात चुन्याची धूळ मिसळून ती दगडासारखी बसते. पट्टीला पाणी बाहेर जायला दोन बारीक भोकं असतात हे मला घर बांधून सहा वर्षांनी कळलं. अगरबत्तीच्या काडीने ती मोकळी केली तेव्हा 'भस्' करून पाणी बाहेर गेलं. सिलिकॉनवाल्याने त्यांतलं एक भोकसुद्धा बुजवलं होतं.

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याला फोनवर हे रडगाणं ऐकवलं तर तो म्हणाला, "मामा, इथं घर भाड्याने देताना मालकाने पहिलं हेच शिकवलं." बाहेर शून्याखाली पारा असला तरी दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. पाच-दहा मिनिटं. मग गच्च लावून घ्यायच्या. त्याला त्यांच्या भाषेत 'श्टोसल्युफ्टन' असा दणकट शब्द आहे. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही, त्याने भिंती गार पडतात आणि ओल तशीच राहते. दणका द्यायचा, हवा बदलायची, भिंती गार व्हायच्या आत मोकळं व्हायचं.

आईला हे पटेना. "बाहेर धुवारी पडून रायली, अन् तू थे आत घेतं?" शंका अगदी रास्त. धुवारीने तुरीचा फुलोरा गळताना तिने जन्मभर पाहिलंय. पण दहा अंशांची दमटातली दमट हवासुद्धा घनमीटरमागे नऊ ग्रॅमच वाफ घेऊन येते. आत येऊन ती वीस अंशांवर पोचली की तिची झोळी अर्धी रिकामी होते, आणि ती आमच्या भिंतीतलं पाणी प्यायला लागते. हे मी आईला थाळी-वाटी घेऊन समजावलं. ती म्हणाली, "तुले समजलं न? मंग झालं."

दवाचा तिला राग नाही मात्र. हरभऱ्यावर रात्री धोतर पांघरून पहाटे ते पिळून घेतलेली आंबट 'आंब' ती आजही पोटदुखीवर मागते. हरभऱ्याच्या पानांवरचं आम्ल दवात उतरतं, त्याची ती आंब. माझ्या खिडकीचं पाणी तसं कामाचं असतं तर मीही बाटल्या भरून ठेवल्या असत्या.

गावात चुना असताना ओलीला घाबरायचं काय, असंही काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण जपून. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास दगड भाजला की शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस किलो वायू उडून जातो आणि छप्पन किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्याला हपापलेला असतो. किलोभर कळी तीनशे ग्रॅमच्या वर पाणी पिते. म्हणून घमेल्यात कळ्या ठेवून खोली सुकवायचा उपाय काही जण सांगतात. मी तो करणार नाही. घरात पोरं आहेत, आणि कळीवर तांब्याभर पाणी सांडलं की ती रटरटून उकळते. डोळ्यात उडाली तर डोळा जातो. भट्टीवर काम केलेल्या कोणालाही विचारा.

विझवलेल्या चुन्याची सफेदी मात्र मी परत आणली. बुरशीची भिंत खरवडली, ऑइल पेंट आणि पुट्टी काढली, आणि दोन हात चुना दिला, नीळ टाकून. ऑइल पेंट भिंतीचं तोंड बंद करतो, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि ताज्या चुन्याचा तिखटपणा बुरशीला झोंबतो. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल, हाताला पांढरा लागेल, पाहुणे नाक मुरडतील. काचेवरचं पाणी याने थांबत नाही, हेही सांगून टाकतो. ते वाफ कमी केली आणि हवा बदलली तरच थांबतं.

तर आमचा दिनक्रम असा ठरला. पहाटे सहाला दोन्हीकडच्या खिडक्या उघडायच्या. तेव्हा ट्रकांची रांग सुरू झालेली नसते, आणि मुख्य म्हणजे रात्रीच्या दहिवराने रस्त्यावरची धूळ बसलेली असते. जे दव छळतं त्याचा एवढा उपयोग आहे. सव्वासहाला बंद. कपडे घरात वाळवायचेच झाले तर मोरीत, दार लावून, झरोका उघडा ठेवून. भातावर झाकण. कपाट भिंतीपासून वीतभर लांब. कापूस खिडकीपासून हटवून लाकडी फळ्यांवर. तीन आठवडे झाले; काच अजूनही कडांना ओलसर होते, पण पट्टी कोरडी असते.

एकच भांडण शिल्लक आहे. खिडक्या उघडल्या की आईला थंडी वाजते आणि तिला सिगडी खोलीत हवी असते. कोळशाचं गाव, प्रत्येक घरी सिगडी, आणि ऊब टिकावी म्हणून दार लावून घ्यायची सवय. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, ना रंग ना वास. तो काचेवर थेंब होऊन दिसत नाही. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. दर हिवाळ्यात अशी बातमी कुठून ना कुठून येतेच. त्यामुळे आमच्या घरी सिगडी सपरीत पेटते, आई घोंगडी पांघरून तिच्याजवळ बसते आणि मला नावं ठेवते. तुमच्या घरची सिगडी आत असेल, तर आज रात्री ती बाहेर काढा.