शेवटच्या दारापर्यंत



मागच्या खेपेस उंबरमाळीला गेलो होतो. खळ्यावर बसलो असता बोलणे भातावरून पोरांवर आले. एक बाप म्हणाला, "साहेब, पोरगी पळते चांगली. गुरुजी म्हणतात, तालुक्याला धाडा. पण पहिली काही ती येत नाही. मग दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून कशाला धाडायची?" तेव्हा मला नीट उत्तर सुचले नाही. आज देतो.

आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच. काश्मीरातले गुलमर्ग त्याहूनही सुमारे हजार मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात तिथे सगळे डोंगर बर्फाखाली जातात. त्या भागात 1990 साली आरिफ खान जन्मला. त्याचे वडील यासीन खान यांचे बर्फावरच्या खेळाच्या सामानाचे दुकान होते. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा बापानेच त्याच्या पायांत लांब, अरुंद पट्ट्या बांधल्या आणि त्याला उतारावर उभे केले. या पट्ट्यांवरून बर्फावर घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात.

शर्यत अशी असते. डोंगराच्या उतारावर लाल आणि निळ्या झेंड्यांची दारे आळीपाळीने रोवलेली असतात. खेळाडूने नागमोडी वळणे घेत प्रत्येक दारातून जायचे. एक दार चुकले की तो बाद. दोनदा उतरायचे आणि दोन्ही वेळा मिळून ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो पहिला.

2011 साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांत आरिफने दोन सुवर्णपदके मिळवली. पण परदेशी सराव, प्रवास, सामान हा खर्च मोठा. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी त्याने लोकांकडे मदत मागितली. पैसे पुरे पडले नाहीत आणि संधी हुकली. पुढची चार वर्षांनी! त्याने सराव सोडला नाही. लग्नदेखील पुढे ढकलले. अखेर 2021 मध्ये दुबईत छपराखाली केलेल्या बर्फावर आणि मग माँटेनेग्रो देशात शर्यती करून त्याने दोन प्रकारांत पात्रता मिळवली. 2022 च्या फेब्रुवारीत बीजिंगला भारताचा तो एकटाच खेळाडू होता. तिरंगाही त्यानेच धरला.

13 फेब्रुवारीला मोठी शर्यत झाली. बर्फ पडत होता, समोरचे नीट दिसत नव्हते. ऐंशीहून अधिक जण उतरले. त्यांतले निम्म्याच्या आसपास घसरून नाहीतर दार चुकून बाद झाले. आरिफ दोन्ही वेळा खालपर्यंत आला. नंबर 45 वा. पहिल्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या ओडरमाटपेक्षा तो सुमारे 38 सेकंदांनी मागे होता. पार झालेल्यांच्या यादीत जवळजवळ तळाशी, पण यादीत! तीन दिवसांनी दुसऱ्या शर्यतीत मात्र पहिल्याच उतरणीला तो बाद झाला. तेही खरेच आहे. ते लपवायचे कारण नाही.

आता उत्तर. शेजाऱ्याचे पीक आपल्यापेक्षा चांगले आले म्हणून आपण पुढच्या पावसाला लावणी सोडत नाही. राब, लावणी, बेणणी, कापणी यांतले एकेक दार पार करतो, तेव्हा कुठे कणगीत दाणा पडतो. पोरीचेही तसेच आहे. ज्यांच्या घरी बर्फच बर्फ, त्यांच्यासोबत पळाल्यावर आरिफला आपण कुठे आहोत ते कळले. तुमच्या मुलीला ते गावच्या बांधावर कळायचे नाही. त्यासाठी तालुका पाहावा लागेल.

दोन गोष्टी करा. गुरुजींना सांगून तिला लागलेला वेळ दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. नंबर दुसऱ्यांच्या पळण्यावर ठरतो, वेळ मात्र तिचा स्वतःचा. आणि उपाशीपोटी पळवू नका. आधी नाचणीची भाकरी, डाळ पोटात जाऊ द्या.

राहता राहिले गाडीभाडे. ते एका घराला जड जाते, दहा घरांना नाही. आरिफची चार वर्षे पैशापायी गेली. आपल्या पोरीचा एक दिवस तरी तसा जाऊ देऊ नका.

पुढच्या खेपेला खळ्यावर येईन तेव्हा ती वही मला दाखवा.