एसटीचा संप आणि आपली सहानुभूती

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही. मूळ वेतनात मात्र अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ मिळाली.

प्रारंभी नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत चालक-वाहकांविषयी कळकळ होती. त्यांचे वेतन रखडते, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे विद्यार्थ्यांची शाळा बुडू लागली, रुग्णांना काळीपिवळीचे जादा भाडे परवडेना, आणि सहानुभूतीची जागा रोषाने घेतली. तो रोष संपकऱ्यांवरच निघाला. वेतन रखडवणाऱ्या व्यवस्थेला कोणी फारसे विचारले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात संप हा न्याय्य, परंतु अखेरचा मार्ग मानला आहे. त्याचा राजकारणासाठी वापर होऊ नये व अत्यावश्यक सेवा खंडित होऊ नयेत, असेही ते बजावतात. हा निकष संपकऱ्यांना लागू आहे; तसाच त्यांना अखेरच्या मार्गावर ढकलणाऱ्यांनाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर पुन्हा संप झाला. वेतनवाढीचा निर्णय होताच दोन दिवसांत तो मिटला. तो निर्णय आधीच का होऊ नये? एसटी आपल्याला अत्यावश्यक वाटत असेल, तर तिच्या कामगाराचे वेळेवरचे वेतनही तितकेच अत्यावश्यक आहे. बस सुरळीत धावत असतानाच आपण हे लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे.